'देवालय वगळून' : चेन्नईच्या किनाऱ्यावरील सागरकथा, दानलेख आणि प्रार्थनास्थळांचे संरक्षण

१. आशयबंध आणि प्रश्न

श्रीकृष्णाच्या निर्याणानंतर समुद्राने द्वारका बुडविली, ही कथा भारतीय परंपरेत सर्वपरिचित आहे. मात्र तिच्या निरनिराळ्या पाठांत एक महत्त्वाचा भेद आढळतो. महाभारताच्या मौसलपर्वात अर्जुन उरलेल्या प्रजेला घेऊन नगराबाहेर पडतो आणि त्याच्या मागोमाग समुद्र संपूर्ण द्वारका व्यापून टाकतो. तेथे कशाचाही अपवाद सांगितलेला नाही. विष्णुपुराणात आणि पुढे भागवतात मात्र समुद्राने भगवंताचे निवासस्थान तेवढे वगळले असे विधान येते. मराठीत हा प्रसंग एकनाथांनी शके १४९५ मध्ये (इ. स. १५७३) वाराणसी येथे सिद्धीस नेलेल्या 'एकनाथी भागवता'च्या अखेरच्या, म्हणजे ३१ व्या अध्यायाच्या कक्षेत येतो. महाकाव्यापासून पुराणापर्यंतच्या प्रवासात या कथेत एका सांत्वनाची भर पडली : समुद्र सर्व काही घेतो, पण देवाचे घर घेत नाही.

हा आशयबंध केवळ द्वारकेपुरता मर्यादित नाही. चोळमंडळाच्या किनाऱ्यावर, विशेषतः चेन्नई शहरातील मैलापूर आणि शहराच्या दक्षिणेस सुमारे ५५ ते ६० किलोमीटरवर असलेले मामल्लपुरम (महाबलीपुरम) या दोन स्थळांच्या परिसरात, तो तमिळ, पोर्तुगीज आणि इंग्रजी अशा परस्परभिन्न वाङ्मयपरंपरांतून व मौखिक आख्यायिकांतून पुनःपुन्हा प्रकट झालेला दिसतो. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तर त्याला वृत्तपत्रीय वृत्तान्तांचेही रूप प्राप्त झाले.

या आशयबंधाचा प्रत्यक्ष इतिहासाशी काय संबंध आहे, हा प्रश्न तुलनात्मक साहित्याच्या दृष्टीने जितका महत्त्वाचा, तितकाच संरक्षणाच्या दृष्टीनेही आहे. किनाऱ्यावरील प्रार्थनास्थळे टिकली ती समुद्राने ती वगळली म्हणून, की ती खडकावर, उंचवट्यावर किंवा माणसाने रचलेल्या बांधाच्या आड होती म्हणून? आणि जी टिकली नाहीत त्यांची स्मृती कोणत्या प्रकारच्या लेखनात उरली? प्रस्तुत निबंधात आख्यायिका, दानलेख आणि आधुनिक संरक्षणकार्य या तिन्हींची एकत्र मांडणी करून या प्रश्नांचा विचार केला आहे.

२. सात देवळे आणि एक देऊळ

मामल्लपुरमचे किनाऱ्यावरील मंदिर पल्लव राजा दुसरा नरसिंहवर्मन ऊर्फ राजसिंह याच्या कारकिर्दीत, आठव्या शतकाच्या प्रारंभी उभे राहिले. येथील गुहा आणि रथ अखंड खडकात कोरलेले आहेत. हे मंदिर मात्र घडीव दगड एकावर एक रचून बांधलेले आहे. या संकुलात दोन शिवमंदिरे असून त्यांच्या मध्ये शेषशायी विष्णूचे स्थान आहे, आणि ती विष्णुमूर्ती मात्र जागच्याच खडकात कोरलेली आहे. चोळकाळापासून या स्थानासंबंधी 'जलशयन' हे नाव आढळते. गावातील विष्णुमंदिर 'स्थलशयन' या नावाने ओळखले जाते. पाण्याशेजारी पहुडलेला देव आणि भूमीवर पहुडलेला देव अशी ही नामयुगुले त्या किनाऱ्यावरील जल-स्थल संबंधाची जाणीवच व्यक्त करतात.

युरोपीय नाविकांनी या स्थळाला 'सात पॅगोडे' असे नाव दिले. विल्यम चेंबर्सचा वृत्तान्त १७८८ मध्ये 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्या खंडात प्रसिद्ध झाला. त्यात दोन प्रकारची माहिती आहे. पहिली पौराणिक स्वरूपाची : येथील राजाच्या नगराचे वैभव पाहून देवांना मत्सर वाटला आणि इंद्राच्या आज्ञेने समुद्राने मर्यादा ओलांडून नगर बुडविले. दुसरी वृद्ध ग्रामस्थांच्या आठवणीच्या रूपाने येते : खोल समुद्रात पूर्वी अनेक देवळांचे माथे दिसत, त्यांवर तांब्याचे पत्रे असल्यामुळे ते सूर्योदयी चमकत, पुढे तांब्यावर कळंक चढल्यामुळे ते तेज दिसेनासे झाले. पहिल्या माहितीत कारण सांगितले आहे, दुसरीत निरीक्षण. चेंबर्सने दोहोंना एकाच वृत्तान्तात स्थान दिले, आणि पुढील वाचकांच्या मनात त्या एकरूप झाल्या.

या वृत्तान्ताला इंग्रजी काव्यात अल्पावधीतच जागा मिळाली. रॉबर्ट साउदीच्या 'द कर्स ऑफ केहामा' (१८१०) या दीर्घकाव्यात समुद्राखालील बलीचे नगर येते. त्या नगरात उतरणाऱ्या लाडुर्लाड या पात्राला पाणी स्पर्श करू शकत नाही, आणि त्याचे कारण त्याला मिळालेला शाप हे आहे. शापच येथे पाण्यापासून रक्षण करणारे कवच ठरतो. साउदीला भारताचा प्रत्यक्ष परिचय नव्हता. परंतु शाप आणि संरक्षण यांची त्याने घातलेली सांगड भारतीय दानलेखांच्या अभ्यासकाला अनपेक्षितपणे ओळखीची वाटेल. तिचा विचार पुढे केला आहे.

१८६९ मध्ये कॅप्टन मार्क विल्यम कार याने या स्थळाविषयीचे पूर्वीचे लेखन मद्रास येथे एकत्र प्रसिद्ध केले. त्यानंतर बुडालेल्या देवळांची कथा विद्वत्तेच्या आणि प्रवासवर्णनांच्या समान वहिवाटीची झाली. मात्र तिचा रोख बहुधा नाहीशा झालेल्या सहा देवळांवर राहिला. सातवे देऊळ का उरले, हा प्रश्न कथेच्या रचनेतच मिटून गेला होता, कारण 'सहा गेली, एक उरले' ही रचना 'देवालय वगळून' या आशयबंधाचेच एक रूप आहे.

३. मैलापूर : दूर असलेला समुद्र

मैलापूरच्या बाबतीत साधने अधिक जुनी आणि अधिक गुंतागुंतीची आहेत. सातव्या शतकातील शैव संतकवी तिरुज्ञानसंबंधर यांच्या मैलापूरविषयक पदावलीत वर्षभरातील उत्सवांचा उल्लेख येतो आणि त्यांत माशी महिन्यातील समुद्रस्नानाचा अंतर्भाव आहे. पंधराव्या शतकातील अरुणगिरिनाथरांच्या रचनांतही मैलापूरचे देवस्थान सागराच्या सान्निध्यात आहे. आजचे कपालीश्वर मंदिर किनाऱ्यापासून काहीसे आत असून ते सोळाव्या शतकानंतरचे आहे. मूळ मंदिर समुद्रालगत होते असे मानले जाते. ते पोर्तुगीज अंमलात उद्ध्वस्त झाले असे अनेक अभ्यासक म्हणतात. ते समुद्राच्या धुपेमुळे गेले असेही मत मांडले गेले आहे. एकाच वास्तूच्या नाशाची ही दोन स्पष्टीकरणे शेजारी शेजारी नांदतात. माणसाने केलेला विध्वंस आणि निसर्गाने केलेला विध्वंस यांतील सीमारेषा लोकस्मृतीत किती सहज पुसट होते, याचे हे उदाहरण आहे.

पोर्तुगीज महाकवी कामोइंश याच्या 'ऑस लुझियादस' (१५७२) या महाकाव्याच्या दहाव्या सर्गात संत थॉमसची मैलापूरची कथा येते. त्या काळी हे नगर समुद्रापासून दूर होते, असे कवी आवर्जून नमूद करतो. समुद्रातून एक प्रचंड ओंडका वाहत येतो. राजाला तो बांधकामासाठी हवा असतो. माणसे आणि हत्ती यांच्या बळाने तो हलत नाही. संत थॉमस मात्र आपल्या कमरेच्या दोरीने तो सहज ओढून नेतो आणि त्या लाकडाचे प्रार्थनामंदिर उभारू इच्छितो. चमत्काराचा गाभा समुद्र व नगर यांतील अंतरात आहे. अंतर जितके अधिक, तितका चमत्कार मोठा. परंतु त्याच विधानातून किनारा पूर्वी निराळ्या ठिकाणी होता अशी स्थानिक समजूतही नोंदली गेली आहे.

मैलापूरच्या आख्यायिकेत पुढे आणखी एक पदर येतो : संताने किनाऱ्यावर एक खांब रोवला आणि समुद्र त्याच्या पलीकडे येणार नाही असे सांगितले. सान थोम चर्चच्या मागील बाजूस, समुद्राच्या दिशेने, असा एक खांब उभा आहे. कामोइंशचे काव्य १५७२ चे, 'एकनाथी भागवत' १५७३ चे. एकमेकांचा मागमूसही नसलेल्या दोन भाषांतील या कृती अवघ्या वर्षाच्या अंतराने सिद्ध झाल्या, आणि दोहोंत समुद्र, नगर व देवाचे घर ही त्रयी आहे. हे साम्य प्रभावातून आलेले नाही. समुद्राला मर्यादा घालण्याचे सामर्थ्य पवित्र वास्तूला किंवा व्यक्तीला बहाल करणे, ही किनाऱ्यावरील समाजांची स्वतंत्रपणे उद्भवणारी मानसिक गरज त्यातून व्यक्त होते.

४. दानलेखांतील संरक्षणाची भाषा

आख्यायिकांच्या बरोबरीने मंदिरांच्या संरक्षणाचा विचार करणारा दुसरा मोठा लेखनप्रकार म्हणजे दानलेख. मंदिरातील नंदादीपासाठी सोने, नैवेद्यासाठी जमीन, उत्सवासाठी उत्पन्न अशी दाने दगडावर कोरली जात. लेखाच्या अखेरीस ठरावीक साच्याचे रक्षणवचन येई. तमिळ लेखांत धर्मादायाचे रक्षण करणाऱ्याची पावले दाता आपल्या मस्तकी धरतो आणि त्याचा नाश करणाऱ्याला गंगातीरी गोहत्येचे पाप लागेल असे बजावतो. महाराष्ट्रातील लेखांतही हाच विचार आहे. फक्त त्याचा आविष्कार अधिक रांगडा आहे. शिलाहार अपरादित्याच्या शके ११०९ च्या (इ. स. ११८७) परळ येथील शिलालेखातील शापवचन मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे. 'गधेगाळ' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिळांवर तर हा शाप चित्ररूपानेही कोरलेला असतो, जेणेकरून निरक्षरालाही तो कळावा.

या सर्व वचनांत दोन गोष्टी समान आहेत. दान 'आचंद्रार्क', म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत चालावे अशी आकांक्षा ही पहिली. दुसरी गोष्ट अशी की धोका नेहमी माणसाकडूनच संभवतो असे गृहीत धरलेले असते. जमीन बळकावणारा, उत्पन्न खाणारा, पुढील राजाचा अधिकारी, लोभी वारस, हे सर्व या भाषेत येतात. पूर, वादळ, भूकंप, समुद्राची धूप यांना मात्र तेथे स्थान नाही. ज्यांना शाप लागू शकतो त्यांच्यापासूनच शाप रक्षण करतो. समुद्राला पाप लागत नाही. म्हणूनच समुद्राशी बोलण्याचे काम दानलेखांनी आख्यायिकांवर सोपविले असे म्हणता येईल. एका लेखनप्रकाराची उणीव दुसऱ्याने भरून काढली.

आधुनिक कायद्याची रचनाही याच धर्तीवर झाली, ही बाब लक्षणीय आहे. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८ मध्ये स्मारकाची नासधूस करणाऱ्या व्यक्तीला शिक्षा सांगितली आहे. २०१० च्या सुधारणेने संरक्षित स्मारकाभोवतीचे १०० मीटरचे क्षेत्र निषिद्ध आणि त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र नियंत्रित ठरविले. हे निर्बंध अत्यावश्यक आहेत. परंतु त्यांचा रोखही गधेगाळीप्रमाणे माणसाकडेच आहे. सांस्कृतिक वारसास्थळांसाठी आपत्तीची पूर्वतयारी, जोखमीचे मापन आणि बचावाची योजना यांचा स्वतंत्र विचार करणाऱ्या मार्गदर्शक सूचना राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केल्या. दानलेखांपासून सुरू झालेल्या संरक्षणाच्या भाषेत निसर्गाला असे अधिकृत स्थान मिळण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले.

५. साळुवनकुप्पम : न वगळलेले देवालय

'देवालय वगळून' या आशयबंधाला प्रत्यक्ष पुराव्याने छेद दिला तो मामल्लपुरमच्या उत्तरेस काही किलोमीटरवर असलेल्या साळुवनकुप्पम येथील उत्खननाने. २००४ च्या त्सुनामीच्या लाटांनी किनाऱ्यावरील वाळू ओढून नेली, तेव्हा एका खडकावरील कोरीव लेख उघडे पडले. २००५ मध्ये पुरालेखतज्ज्ञ एस. राजवेलू यांनी त्यांची ओळख पटविली. या लेखांतून तिरुविळ्चिल या गावातील सुब्रह्मण्याच्या, म्हणजे मुरुगनच्या मंदिराचा उल्लेख मिळाला. त्या गावाची ओळख साळुवनकुप्पमशी पटविण्यात आली आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने जवळच्या टेकाडाचे उत्खनन केले. वाळूखालून प्रथम पल्लवकालीन ग्रॅनाइट मंदिराचे अवशेष निघाले. त्याच्या तळाशी विटांचे त्याहून प्राचीन मंदिर होते. त्याचा काळ उत्खननकर्त्यांनी संघकाळाइतका मागे नेला आहे. पल्लव मंदिराचा पाया या जुन्या विटांच्या बांधकामावरच घातलेला होता.

विटांच्या मंदिराचा नाश मोठ्या सागरी लाटेने किंवा वादळी उधाणाने झाला असावा, आणि त्यावर उभारलेले दगडी मंदिरही पुढे तशाच आपत्तीला बळी पडले असावे, असे उत्खननाशी संबंधित तज्ज्ञांचे मत आहे. खडकावरील लेखांत तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाच्या काळातील दानाचा उल्लेख येतो. म्हणजे तेराव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत मंदिर नांदते होते. नंतर त्याचे नाव लेखांतून नाहीसे होते. या निष्कर्षाचे सर्व तपशील मान्य झाले नाहीत तरी एक गोष्ट निर्विवाद राहते : हे देवालय वाळूखाली गेले, आणि एकाच जागी दोनदा बांधले गेले होते.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या लेखांतील आणखी एक नाव विशेष आहे. त्यांत राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळातील लेखही आहे. वेरूळच्या कैलास लेण्याशी ज्या घराण्याचे नाव निगडित आहे, त्याच घराण्यातील या राजाने इ. स. ९४९ मध्ये तक्कोलम येथे चोळांचा पराभव केला आणि कांची व तंजावर जिंकणारा अशी बिरुदे मिरविली. दक्खनच्या सत्तेचा चोळमंडळाशी आलेला हा संबंध तंजावरच्या मराठ्यांच्या सुमारे सात शतके आधीचा. जेत्याचे नाव असलेला लेख एका लहानशा किनारी देवस्थानाच्या दानाची नोंद करतो. राज्य जाते, मंदिर जाते, आणि खडकावरील अक्षरे हजार वर्षांनी मंदिराचा पत्ता सांगतात. ज्या लेखाने दान आचंद्रार्क चालावे अशी इच्छा धरली, त्याला दानाचे रक्षण करता आले नाही. परंतु नष्ट झालेल्या वास्तूची निश्चिती मात्र त्यानेच केली. संरक्षणाच्या इतिहासात लेखनाचे स्थान नेमके कोठे आहे हे यावरून समजते.

चोळमंडळाच्या याच किनाऱ्यावर, अधिक दक्षिणेस, तरंगमबाडी येथील मासिलामणिनाथाचे मंदिर हे दुसरे उदाहरण आहे. पांड्य राजा मारवर्मन कुलशेखर याच्या काळात १३०६ मध्ये उभारलेल्या या मंदिराचा मोठा भाग समुद्राने क्रमाक्रमाने गिळला. तेथे एकाच दिवशी कोसळलेले संकट नव्हते. शतकानुशतके चाललेली धूप होती. आख्यायिकांना एका रात्रीत बुडणारे नगर प्रिय असते. प्रत्यक्षात किनाऱ्यावरील देवळांचा अधिक सातत्याने नाश करणारी शक्ती संथ असते. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २००२ मध्ये ब्रिटिश संस्थेच्या सहकार्याने मामल्लपुरमजवळ पाण्याखाली पाहणी केली. तीत किनाऱ्यापासून काहीशे मीटरवर, पाच ते आठ मीटर खोलीत, भिंतींचे व घडीव दगडांचे अवशेष आढळले. या भागातील किनारा वर्षाला सरासरी सुमारे ५५ सेंटिमीटर मागे हटतो, असा अंदाज त्या संशोधनात दिला आहे. हा वेग पंधरा शतके टिकला असे मानल्यास किनारा एके काळी सुमारे ८०० मीटर पुढे होता असे गणित निघते. चेंबर्सला भेटलेल्या वृद्धांच्या आठवणीतील तांब्याचे माथे सिद्ध झालेले नाहीत. परंतु समुद्र पुढे सरकला, हे त्यांचे मूळ म्हणणे निराधार नव्हते.

६. बांध, वाळू आणि शेजारी

२६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी सुमात्राजवळ भूकंप झाला आणि सुमारे अडीच तासांत लाटा चेन्नईच्या किनाऱ्यावर पोहोचल्या. त्या वेळी हिंदी महासागरासाठी पूर्वसूचनेची यंत्रणा नव्हती. हैदराबाद येथील भारतीय त्सुनामी पूर्वसूचना केंद्र २००७ मध्ये कार्यान्वित झाले. मामल्लपुरमच्या किनारी मंदिराच्या आवारात पाणी शिरले. बलिपीठ, समुद्राकडील पायऱ्या आणि लहानशा वराह देवळीची हानी झाली. मुख्य वास्तू उभी राहिली. त्याची कारणे ज्ञात आहेत. मंदिराचा पाया कठीण खडकावर आहे, आणि विसाव्या शतकात समुद्राच्या बाजूने मोठ्या दगडांचा बांध रचलेला होता. मूर्तींवरील खारा वारा अडविण्यासाठी सुरूची झाडे लावलेली आहेत, आणि दगडात मुरलेले क्षार कागदाच्या ओल्या लगद्याचा लेप देऊन शोषून काढले जातात. समुद्राने येथे काही वगळले असेल, तर ते या श्रमांमुळे.

सान थोमचे चर्चही सुरक्षित राहिले. किनाऱ्यावरील मच्छीमार वस्त्या उद्ध्वस्त झाल्या, आपद्ग्रस्तांनी चर्चच्या आवारात आश्रय घेतला, आणि संताच्या खांबाची आख्यायिका पुन्हा सांगितली जाऊ लागली. वेळांकण्णी येथे आरोग्यमातेचे मंदिर वाचले; परंतु नाताळच्या दुसऱ्या दिवशी तेथे जमलेले अनेक यात्रेकरू वाचले नाहीत. या ठिकाणी आशयबंधाची मर्यादा तीव्रतेने जाणवते. 'देवालय वगळले' हे वाक्य वास्तूकडे पाहून उच्चारले जाते. त्यात वास्तूभोवतालच्या माणसांची गणना नसते. भागवतातही वाचले ते घर, नगर नव्हे.

चेन्नई शहरापुरते पाहिल्यास आणखी एका मानवी कारणाचा विचार करावा लागतो. चोळमंडळाच्या किनाऱ्यावर वर्षभरातील वाळूचे निव्वळ वहन दक्षिणेकडून उत्तरेकडे होते. १८७० च्या दशकात मद्रास बंदराच्या लाटारोधक भिंतींचे काम सुरू झाले. १८८१ च्या वादळात त्यांची मोठी पडझड झाली, तरी बांधकाम पुन्हा हाती घेण्यात आले. या भिंतींनी वाळू अडविली. तिच्या दक्षिणेस वाळू साठून विस्तीर्ण मरीना किनारा तयार झाला. तेथील फिरण्याचा रस्ता गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ याने १८८४-८५ च्या सुमारास करविला. 'मराठ्यांचा इतिहास' लिहिणाऱ्या जेम्स ग्रँट डफचा हा पुत्र. बंदराच्या उत्तरेस, रायपुरमच्या बाजूला, नेमके उलट घडले. वाळूचा पुरवठा तुटल्यामुळे तेथील किनारा खचत गेला आणि वस्ती वाचविण्यासाठी दगडी भिंती घालाव्या लागल्या. तिरुवल्लिकेणीच्या पार्थसारथी मंदिरासमोर आणि उत्तर मैलापूरसमोर आज जो वाळूचा पट्टा आहे, तो बऱ्याच अंशी या बंदराचे अनपेक्षित अपत्य होय. एका बाजूस लाभलेले संरक्षण आणि दुसऱ्या बाजूस झालेली हानी यांचे कारण एकच आहे.

हाच नियम स्मारकाभोवतीच्या दगडी बांधालाही लागू पडतो. किनाऱ्यावर कोठेही कठीण अडथळा उभारला की लाटांची शक्ती आणि वाळूची वाट बदलते, आणि तिचा परिणाम शेजारच्या मोकळ्या किनाऱ्यावर होतो. तेथे बहुधा मच्छीमारांच्या होड्या, घरे आणि त्यांच्या ग्रामदेवतांची छोटी देवळे असतात. त्यांची नोंद कोणत्याही जागतिक वारसा यादीत नसते. मामल्लपुरमचा स्मारकसमूह १९८४ मध्ये युनेस्कोच्या यादीत समाविष्ट झाला. मच्छीमारांच्या देवतांना तशी मुद्रा नाही. म्हणून 'कोणते देवालय वगळायचे' हा निर्णय आता समुद्राकडे राहिलेला नाही. बांध कोठे घालायचा आणि कोठवर न्यायचा, हे माणूस ठरवितो, आणि त्या निर्णयाबरोबर दुसऱ्या कोणाच्या तरी किनाऱ्याचे भवितव्यही ठरते. ९ डिसेंबर २०२२ च्या रात्री 'मांदौस' चक्रीवादळ मामल्लपुरमजवळच जमिनीवर आले. हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही, याची आठवण त्याने करून दिली.

७. समारोप

उपरोक्त विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की आख्यायिका, दानलेख आणि आधुनिक कायदा हे संरक्षणाचे तीन स्वतंत्र वाग्व्यवहार असून प्रत्येकाने धोक्याची वेगळी कल्पना केली आहे. आख्यायिकेने समुद्राला मर्यादा सांगितली, दानलेखाने माणसाला शाप दिला, कायद्याने दंड ठरविला. निसर्गातून उद्भवणाऱ्या आपत्तीची पूर्वतयारी या तिन्हींत दीर्घकाळ अनुपस्थित होती.

दुसरी गोष्ट अशी की आख्यायिकेतील सांत्वन आणि आख्यायिकेतील माहिती यांची फारकत करणे आवश्यक आहे. देवाचे घर समुद्र घेत नाही, हे साळुवनकुप्पम आणि तरंगमबाडी येथे खोटे ठरले. परंतु किनारा पूर्वी दूर होता ही कामोइंशच्या काव्यातील आणि चेंबर्सच्या वृत्तान्तातील समजूत दुर्लक्षिण्याजोगी नाही. मामल्लपुरमच्या बाबतीत समुद्रतळावरील पाहणीने तिला आधार दिला आहे. आख्यायिका संपूर्ण नाकारणारा अभ्यासक ही माहितीही गमावतो. ती संपूर्ण स्वीकारणारा समाज बांधाची देखभाल करावयास विसरतो.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट वास्तू आणि माणसे यांच्या संबंधाची आहे. विष्णुपुराणाने आणि भागवताने द्वारकेच्या कथेत घातलेली भर भक्ताला धीर देते. मौसलपर्वाचा पाठ अधिक कठोर आहे : तेथे काहीच वगळले जात नाही, परंतु समुद्र येण्यापूर्वी अर्जुन लोकांना घेऊन बाहेर पडलेला असतो. किनाऱ्यावरील प्रार्थनास्थळांच्या संरक्षणाचा विचार करताना या दोन पाठांपैकी जुना पाठच अधिक उपयोगी आहे. त्यात घराला अभय नाही. माणसांना वेळेवर हलविण्याची जबाबदारी मात्र निःसंदिग्धपणे कोणावर तरी सोपविलेली आहे.